म्हाळूमामा कुणासाठी उठत नाहीत

पाण्याचा तांब्या जागचा हलला, तेव्हाच म्हाळूमामांना वास आला होता की या घरात काहीतरी शिजतंय.

आठ वर्षं तो तांब्या त्यांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, उपड्या घातलेल्या बादलीवर असायचा. हात लांबवला की पाणी. त्या सोमवारी हात लांबवला तर तांब्याही नाही आणि बादलीही नाही. हाक मारली, तर सून गौतमी आतून म्हणाली, "मामा, तांब्या माठाजवळ ठिवलाय. माश्या बसत हुत्या."

माश्या काय कालच जन्मल्या? पण मामा ते बोलले नाहीत. संशयी माणूस आधी पुरावा गोळा करतो, मग तोंड उघडतो. दुसऱ्या दिवशी चष्मा आतल्या फळीवर गेला. तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. रंभामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहाचा कप बाहेर आणण्याऐवजी आत गॅसजवळच ठेवला आणि म्हणाल्या, "हितंच या की, गरम हाय तवर." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी 'हितंच या' म्हणाली नव्हती. मामांनी चहा निवू दिला, पण उठले नाहीत. शेवटी मामींनीच तो आणून दिला आणि जाताना सुनेकडे बघून मान हलवली. ती हललेली मान मामांनी बरोबर टिपली.

मग निष्कर्ष काढायला काय वेळ लागतो? यांना मला खुर्चीतून उठवायचंय. आणि माणूस उठला की खुर्ची हलवायला किती वेळ लागतो?

आता ही खुर्ची काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर मामा उगाच खुळे वाटतील. ते खुळे नव्हते. त्यांच्या डोक्यात जे होतं त्याला साठ वर्षांचं कारण होतं.

वडगाव रासाईत त्यांचे वडील सटवा हे गावच्या पाटलांकडे निरोप्याचं, लाकडं फोडायचं, पडेल ते काम करत. काम झालं की ओसरीखाली उभं राहायचं. हाताची घडी छातीवर, नजर मातीत. पाटील बोलत बसले असतील तर त्यांचं बोलणं संपेपर्यंत, तंबाखू मळत असतील तर मळून होईपर्यंत. सहा-सात वर्षांचा म्हाळू बापाचं धोतर धरून शेजारी उभा असायचा. एकदा बापाला हिवतापानं थंडी भरली आणि तो ओसरीच्या खालच्या पायरीवर टेकला. पाटील ओरडले नाहीत की शिवी दिली नाही. नुसते खाकरले. बाप उठला आणि थरथरत उभा राहिला. ते खाकरणं मामांच्या कानातून अजून गेलेलं नाही.

पुढं म्हाळूनं विहिरी खोदल्या आणि भीमेच्या काठानं ऊस तोडला. मग छत्तिसाव्या वर्षी नदीपलीकडं दौंड तालुक्यात, कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. तिथं आठ-आठ, कधी बारा-बारा तास उभं राहून गोण्या शिवायच्या. पाय भरून आले म्हणून कुणी रिकाम्या ड्रमवर टेकलं, की सुपरवायझर पायानं ड्रम गडगडवत न्यायचा. "बैठने का नहीं, काका." पाटील खाकरायचे, हा हिंदीतून बोलायचा, एवढाच काय तो फरक.

ते उभं राहणं संपवलं लिंबाजीदादांनी. दादा गावातलेच, वस्तीच्या नदीकडच्या टोकाला राहणारे, मामांपेक्षा सहा वर्षांनी मोठे आणि त्याच पॅकिंगमधले. त्यांनी बाकड्यासाठी अर्ज दिला. अर्ज केराच्या टोपलीत गेला. दुसरा दिला, तोही गेला. मग चहाच्या सुट्टीत दादा रोज मॅनेजरच्या केबिनसमोर फरशीवर जाऊन बसायला लागले. घोषणा नाही, फलक नाही, नुसते चहा पीत बसायचे. सव्वा महिन्यानं पॅकिंगमध्ये लांबलचक लाकडी बाकडं आलं. पहिल्या दिवशी त्यावर बसायला कुणी धजेना. दादांनी म्हाळूचं मनगट धरून त्याला खाली ओढलं आणि म्हणाले, "बस. आपल्या बापजाद्यांच्या वाटचं बस."

हे वाक्य मामांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांनी केडगावच्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाची खुर्ची करवून घेतली. बैठक उंच, हात रुंद, पाठ ताठ. ती ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून ठेवली. चौथ्या दिवशी पाटलांचा मुलगा समोरून गेला. एरवी वस्तीतला कुणीही म्हातारा ओट्यावरून उठून 'या पाटील' म्हणायचा. मामा पायावर पाय टाकून बसून राहिले. शेजाऱ्यानं हळूच डिवचलं, तेव्हा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता मी कुनासाठी उठत न्हाई." आळी खूश झाली. पोरं आल्यागेल्याला ते वाक्य ऐकवायला लागली.

खुर्चीनं दिलं ते खरंच मोठं होतं. पण ती हळूहळू काय काढून घेत होती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सकाळी सातला बसायचं ते दिवेलागणीला आत जायचं. मुलगा नागसेन कुरकुंभलाच शिफ्टमध्ये. बापानं आयुष्यभर उभं राहून आपल्याला वाढवलं, आता त्याला उठू द्यायचं नाही, ही त्याची पितृभक्ती. पाणी हातात, ताट हातात, विहारात जायचं तर दारात मोटरसायकल. वस्तीतले लोक कौतुक करत, पोरगं असावं तर असं.

आणि इकडं मामांची पावलं संध्याकाळी सुजून चपलेत मावेनाशी झाली. मांड्या वाळल्या. संडासापर्यंत गेलं तरी धाप लागायला लागली. पोट साफ होईना. दौंडच्या डॉक्टरांनी साखरेची आणि दाबाची गोळी दिली आणि बजावलं, गोळ्या घेऊन दिवसभर बसून राहिलात तर गोळ्या एकट्या काय करणार, रोज चाला, तासा-अर्ध्या तासाला तरी उठत जा. मामांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हनले, आराम करा."

खरी गोष्ट त्याहून वाईट होती आणि ती फक्त मामांना ठाऊक होती. गेल्या चार-पाच महिन्यांत त्यांना खुर्चीच्या हातांवर दोन्ही मुठी रोवल्याशिवाय उठता येत नव्हतं. कधी दुसऱ्या झटक्यात जमायचं, कधी तिसऱ्या. त्या वेळी ते मोठ्यांदा खोकायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला ढास लागलीय. मामा स्वतःला सांगायचे, कुरकुंभची वाफ हाडात मुरलीय, दुसरं काही नाही. पण भीती होती. बायकोनं बगलेत हात घालून उठवायचा दिवस आला, तर या खुर्चीची काय शान उरली?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. लपवायचं होतं मामांना, आणि संशय मात्र ते दुसऱ्यांवर घेत होते.

त्यात राजश्री आली. तांब्या हलला त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. राजश्री गावची आशा सेविका. साठीपुढच्या माणसांची तपासणी करत ती घरोघर फिरत होती. पोरगी गुणाची होती, पण तिचा एक मोठा गुन्हा होता. ती पाटलांची नातसून होती.

"आबा, दिवसातून किती तास बसता?" तिनं वही उघडून विचारलं.

"कोन इचारतंय?"

"सरकार विचारतंय."

"सरकारला माझ्या बसन्याशी काय करायचंय?"

राजश्री हसली. मग म्हणाली, "बरं, ते राहू द्या. आता हात असे छातीवर घ्या, कशालाही न धरता उठा आणि बसा. अर्ध्या मिनिटात किती वेळा होतंय ते मी मोजते." आणि कसं करायचं ते दाखवायला तिनं स्वतःच्या हातांची छातीवर घडी घातली.

मामांच्या कानशिलात रक्त चढलं. पाटलांच्या घरची बाई दारात उभी राहून हाताची घडी कशी घालायची ते शिकवतेय आणि म्हणतेय, ऊठ. त्यांना बापाची थंडीनं हुडहुडणारी पाठ दिसली. शिवाय त्या रागाच्या तळाशी दुसरंही काही होतं. न धरता आपण एकदाही उठू शकणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रागाला निमित्त मिळालं तर भीतीला झाकण मिळतं.

"तुझ्या आजेसासऱ्यानं माझ्या बापाला असंच हुभं केलं हुतं," मामा म्हणाले. "ह्या दारात ते चालायचं न्हाई. निघ."

राजश्री निमगावची, लग्न होऊन आलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पडला. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मागच्या दारी जाऊन मामींशी आणि गौतमीशी बराच वेळ बोलत राहिली. काय बोलली ते ऐकायला मामांना उठून भिंतीपर्यंत जावं लागलं असतं. ते गेले नाहीत. न ऐकलेलं बोलणं संशयाला फार मानवतं.

मामांनी सगळं जुळवलं. राजश्रीचा नवरा नवनाथ ग्रामपंचायतीत सदस्य. रस्ता रुंद करायचं चाललंय. ओटा रस्त्याला टेकलेला. पाटलांना ही खुर्ची पहिल्या दिवसापासून खुपतेय. मग बायकोच्या हाती वही देऊन पाठवली, आपल्याच घरातल्या दोघी फितवल्या, आणि तांब्यापासून सुरुवात झाली. मांडणी इतकी नेटकी होती की तीत काही खोटं असेल हे मामांना सुचणंच शक्य नव्हतं. त्यांनी दुपारची झोपही खुर्चीतच घ्यायला सुरुवात केली.

आणि त्याच आठवड्यात लिंबाजीदादा गेले.

मामा दोन दिवस जेवले नाहीत. रडले नाहीत, पण ओट्यावर बसून एकटेच दादांशी बोलत राहिले. जलदानविधीच्या दिवशी नागसेननं त्यांना मोटरसायकलवर विहारात सोडलं आणि तो दुसऱ्या शिफ्टला गेला. विहारापुढं मांडव होता. लोक सतरंज्यांवर, म्हाताऱ्यांना मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मामांच्या वाट्याला आली ती बुटकी आणि बिनहातांची होती. बसताना ते धपकन बसले, पण त्या गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

वंदना झाली. चौघं-पाचजण बोलले, बाकड्याची गोष्टही कुणीतरी सांगितली. शेवटी सूत्रसंचालन करणारा संघर्ष, वस्तीतलाच रांजणगावला नोकरी करणारा तरुण, माईकवर म्हणाला, "लिंबाजीदादांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहूया."

सगळा मांडव उठला. मामांनी मुठी रोवायला हात बाजूला नेले, तर तिथं रोवायला काही नव्हतं. त्यांनी गुडघ्यांवर तळवे दाबले. बूड तीन बोटं उचललं आणि परत टेकलं. पुन्हा जोर लावला. मांड्या थरथरल्या, खुर्ची मागं सरकली. खोकावं म्हटलं, तर एवढ्या शांततेत खोकणार कसं? पुढच्या माणसाचा सदरा हाताच्या अंतरावर होता. धरला असता तर उठता आलं असतं. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. सगळ्यांच्या माना खाली होत्या, डोळे मिटलेले. समोर दादांच्या फोटोचे तेवढे डोळे उघडे होते. दोन मिनिटं एवढी लांब असतात हे मामांना त्या दिवशी कळलं.

लोकांनी डोळे उघडले, तेव्हा सबंध मांडवात एकच माणूस बसलेला होता.

कुजबुज झाली. संघर्षनं माईक बाजूला ठेवला आणि जवळ येऊन अदबीनंच विचारलं, "मामा, तुम्ही उठला न्हाईत?"

मांडव ऐकत होता. मामांना खरं बोलायचं होतं. पण जिभेवर आठ वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य होतं, तेच आधी आलं.

"मी कुनासाठी उठत न्हाई."

पुढच्या रांगेत लिंबाजीदादांची बायको रंगुबाई बसत होत्या. त्या बसता बसता थांबल्या. मग खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

मांडव रिकामा झाल्यावर मामा खांबाला धरून कसेबसे उठले आणि मामींच्या मागं थांबत थांबत घरी आले. ओट्यावर आल्यावर मामी समोर उभ्या राहिल्या. "खरं सांगा. उठायचं नव्हतं का उठता आलं न्हाई?"

"उठायचं नव्हतं."

"कुनासाठी? लिंबादादासाठी?"

मामांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. गौतमी दारात रडत होती. ती म्हणाली, "मामा, तांब्या मीच हलवला. राजश्रीवहिनी म्हनल्या, त्यांचे पाय जात चाललेत, हातात देऊ नका, दर तासाला उठायला लावा. चष्माबी आम्हीच ठिवला. तुम्ही रागवाल म्हनून सांगितलं न्हाई."

म्हणजे संशय खरा होता. घरात कट होता, त्यात पाटलांची नातसूनही होती, आणि त्यांना खरोखरच मामांना खुर्चीतून उठवायचं होतं. फक्त का, तेवढं मामांचं चुकलं होतं. एवढं सगळं बरोबर ओळखून माणूस इतका चुकू शकतो याची त्यांना लाज वाटली. ती लाजही त्यांनी गिळली आणि बसून राहिले.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. आळीतून जाणारे 'जय भीम' म्हणायचे, पण थांबायचे नाहीत. दोन पोरं बोलत गेली की मामांना वाटायचं, आपलंच चाललंय. या वेळी बहुतेकदा ते खरंच असायचं. कुणीतरी म्हणालं, म्हाळूला आणि दादाला जुनी काहीतरी अदावत होती. कुणी म्हणालं, बाकड्याचं श्रेय दादाला मिळालं ते याला सलत होतं. संशयाला पाय फुटले होते, आणि या वेळी तो मामांच्याच दारात येऊन बसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रंगुबाई आल्या. नदीकडच्या टोकापासून चालत, एकट्या. सत्तरीला टेकलेली बाई. ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. मामी धावत बाहेर आल्या, बसायला म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत.

"बसायला न्हाई आले, रंभे. भावजींना एक इचारून जाते." त्यांनी मामांकडं बघितलं. "भावजी, त्यांनी तुमचं काय वाईट केलं हुतं?"

मामांनी पायावरचा पाय खाली घेतला.

"चार दिस झालं मी त्यांच्या सगळ्या जल्मात हुडकतीया," रंगुबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कवा तुम्हाला टाकून बोलले का, कवा काय लपवलं का. मला काय घावंना. तुम्ही उगं बसून ऱ्हानार न्हाई. त्यांचं काय चुकलं आसंल ते सांगा. मला कळू द्या, म्हंजी मीबी त्यांच्याबद्दल जे मनात हाय ते नीट करीन."

आपण एका म्हातारीच्या हातून तिचा मेलेला नवरा पुन्हा हिसकावून घेतला, हे त्यांना आत्ता दिसलं. आपली शान राहावी म्हणून आपण दादांना गुन्हेगार करून ठेवलं. पाटलांनीही कधी दादांशी असं केलं नव्हतं.

"वैनी," ते म्हणाले, "मला उठता आलं न्हाई."

"म्हंजी?"

"पायात जीव न्हाई ऱ्हायला. लई जोर लावला. उठताच आलं न्हाई. आन् तोंडानं खोटं बोललो. दादाचं काय चुकलं न्हाई. दादाचं कवाच काय चुकलं न्हाई."

रंगुबाईंचा चेहराच विरघळला आणि डोळ्यांना धार लागली. "आवं, एवढंच हुतं व्हय," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं हुतं की. मी चार दिस त्यांच्या फोटूकडं बघितलं न्हाई."

रस्त्यावर दूध घालून परतणारे दोघं थांबले होते. समोरच्या ओट्यावर बायका आल्या होत्या. सगळी आळी बघत होती, आणि मामांना ते दिसत होतं.

"रंभे," त्यांनी हाक मारली. "गौतमीलाबी बोलीव. मला हात द्या."

दोघींनी दोन बगलांत हात घातले. मामा खोकले नाहीत. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला ते उठले आणि बायकोच्या खांद्यावर भार टाकून उभे राहिले. मान खाली, डोळे मिटलेले. सुजलेले पाय लटलटत होते, विजार हलताना दिसत होती. रस्त्यावरच्या दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

थोड्या वेळानं रंगुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बसा आता, भावजी," त्या म्हणाल्या. "पावलं मला."

"न्हाई वैनी," मामा डोळे न उघडता म्हणाले. "आजून दोन मिन्टं झाली न्हाईत."